कोपराखाली पाच इंच

कुणाचंही स्वयंपाकघर करायला घेतलं की पहिल्या भेटीत मी कॅटलॉग उघडत नाही. रंग कोणता, चिमणी कुठली, ट्रॉल्या किती, हे सगळं नंतर. आधी त्या घरात स्वयंपाक जे माणूस करतं त्याला बोलावतो. बहुतेक वेळा ती बाई असते, हल्ली कधीमधी बुवाही असतो. त्याला सांगतो, चपला काढा, उघड्या पायांनी फरशीवर उभे राहा आणि समोर पोळपाट आहे असं समजून पोळी लाटा. लोक लाजतात, हसतात, घरातली मुलं मोबाइल काढून शूटिंग करतात. मी मात्र गुडघ्यावर बसून फरशीपासून कोपरापर्यंत टेप धरतो. जो आकडा येईल त्यातून पाच इंच वजा करायचे, तेवढा उंच ओटा करायचा. मग त्या ओट्यापाशी खांदे वर ओढावे लागत नाहीत आणि कंबरही वाकवावी लागत नाही.

नाशकात माझं जे काही नाव झालं ते या पाच इंचांवर. गंगापूर रोडचे बंगले, पाथर्डी फाट्याचे नवे टॉवर, दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांची मळ्यातली दुमजली घरं, सगळीकडे मी ओटे केले. मळ्यातल्या घरात एका ओट्यावर सासू, दोन सुना आणि आलीगेली नणंद अशा चार जणी काम करणार, तेव्हा माप कुणाचं धरायचं यावरून धुसफूस होई. ती मिटवण्यातही मी पटाईत झालो होतो. पोळ्या-भाकरी जास्त कोण करतं, असं मी विचारायचो, आणि सगळ्या जणी एकाच सुनेकडे बघायच्या. बावन्न वय आहे माझं, त्यातली सत्तावीस वर्षं बायकांची कोपरं मोजण्यात गेली. मित्र त्यावरून काय काय बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ही पद्धत माझी नाही. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय आणि ते लिहायला इतकी वर्षं लागली याची मला लाज वाटते.

मी आणि माझी बायको एकाच वर्गात इंटिरिअर शिकलो. ती मनमाडची, वडील रेल्वेत, घरात शिस्त. तिचं ड्रॉइंग माझ्यापेक्षा चांगलं होतं. सर ते वर्गात बोलून दाखवत आणि मी हसण्यावारी नेत असे. लग्न झाल्यावर आम्ही दोघांनी मिळून काम सुरू केलं. पहिलंच काम कॅनडा कॉर्नरजवळच्या एका डॉक्टरांच्या घरी मिळालं. मी सगळे करतात तसं चौतीस इंचांच्या ओट्याचं ड्रॉइंग करून नेलं होतं. ती त्या घरच्या बाईंशी गप्पा मारत तासभर स्वयंपाकघरात नुसती उभी राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, त्या चांगल्या उंच आहेत, दिवसभर वाकून काम करतात, त्यांची कंबर भरून येते. उद्या टेप घेऊन ये, त्यांना चपला काढायला लाव आणि पोळी लाटायला सांग. पाच इंचांचं गणित तिनं आधीच मनमाडला आईच्या ओट्यापाशी विटा, जुनी पुस्तकं, जे मिळेल ते पायाखाली घेऊन स्वतःवर करून पाहिलं होतं. मी दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेलो. त्या बाईंनी पुढे आम्हाला सात कामं दिली.

तीन वर्षांनी मुलगी झाली आणि बायको कामातून थांबली. थांबली असं मी म्हणतो खरं, पण दोघांतल्या कुणी थांबायचं यावर आम्ही कधी बोललोच नव्हतो. पुढे ती एका शाळेत चित्रकला शिकवायला लागली, अजून शिकवते. साइटवर ती येईनाशी झाली, तिची पद्धत मात्र माझ्याबरोबर येत राहिली. पहिली काही वर्षं मी लोकांना सांगायचो, ही माझ्या बायकोची आयडिया. मग ‘आमची पद्धत’ म्हणू लागलो. मग कधीतरी ‘माझी’. यात मी ठरवून काही केलं नाही, म्हणून तर ते जास्त लागतं.

याच सुमारास आम्ही इंदिरानगरात फ्लॅट घेतला. दुसरा मजला, पूर्वेचा उजेड, स्वयंपाकघराला लागून छोटी बाल्कनी. ओटा बिल्डरनं करून दिलेला, काळ्या कडप्प्याचा. बायकोनं पहिल्या दिवशी त्यावर पोळपाट ठेवला आणि लाटायला घेतलं तर तिचे खांदे कानांना टेकले. तिची उंची चार फूट नऊ इंच. मी म्हणालो, दोन महिने थांब, सातपूरचं काम संपलं की हा फोडून तुझ्या मापाचा करतो. तोवर आमच्या सुतारानं साइटवरच्या उरलेल्या सागवानाचा एक पाट करून दिला. चांगला रुंद, तीन इंच उंच, खाली दोन जाड पट्ट्या. तो पायाखाली घेतला की ओटा तिला बरोबर येई. काम झालं की ती पाट उचलून बाल्कनीच्या भिंतीला उभा करून ठेवायची. पाट आडवा टाकून निघून जायचं नाही, ही तिच्या माहेरची रीत.

ते दोन महिने एकोणीस वर्षं चालले.

सातपूर झालं की महात्मानगर आलं, मग दिंडोरीचा हंगाम. बागायतदार द्राक्षं निघाली की घराचं काम काढतात, त्यामुळे उन्हाळा माझा नसायचाच. ओट्याचा विषय दिवाळीला निघे आणि संक्रांतीपर्यंत विरून जाई. घरी आलेली एखादी मैत्रीण तो पाट बघून विचारायची तेव्हा बायको म्हणायची, माझा नंबर यादीत शेवटचा आहे. सगळे हसायचे. सगळ्यांत मोठ्यानं मी हसायचो. हळूहळू त्या पाटाला तिच्या पावलांच्या जागी दोन उथळ खळगे पडले आणि मधला भाग आरशासारखा गुळगुळीत झाला. मला तो दिसेनासा झाला. रोज सकाळी चहा घ्यायला मी त्या स्वयंपाकघरात जायचो, त्यामुळे डोळ्यांना दिसत असणारच, पण माझ्या लेखी पाट धरूनच ती तेवढ्या उंचीची झाली होती.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माझं कामातून मन उडालं. साखर निघाली, त्याचं निमित्त झालं, पण कारण ते नव्हतं. लोक फोनवर फोटो दाखवून सगळीकडे तेच ते पांढरं चकचकीत किचन मागायला लागले. मी कोपराची गोष्ट काढली की म्हणायचे, सर, ते ठीक आहे, पण आम्हाला अगदी हे असंच हवंय. काही घरांत तर वर्षभरानं गेलो तेव्हाही ट्रॉल्यांवरचं प्लास्टिक तसंच होतं, कारण जेवण बाहेरून यायचं. त्या घरांतून परतताना मला फार रिकामं वाटायचं. मुलगी तेव्हा शिकायला पुण्याला गेली होती. मी विचार केला, धावायचं कुणासाठी? आणि ठरवलं की यापुढे वर्षाला चारच कामं घ्यायची, तीही जिथे खरोखर चूल पेटते अशा घरांची. दुपारी दोननंतर फोन बंद. चार वाजता वही घेऊन गंगापूर धरणाच्या कडेला जायचं, चित्रं काढायची. रविवारी मित्रांबरोबर मिसळ, तीही आता पाव सोडून.

मला हे जमलं, आणि खरंच बरं वाटायला लागलं. चार कामांत जीव ओतता येत होता. एका आजींसाठी बसून भाजी चिरायचा ओटा केला, तेव्हा त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. कॉलेज सोडल्यानंतर पहिल्यांदाच माझ्या वहीत स्वतःसाठी काढलेली पानं भरू लागली. साखरही आटोक्यात आली. माझ्याच क्षेत्रातले तरुण लोक मला विचारू लागले की सर, तुम्ही हे कसं साधलंत. मी त्यांना सांगायचो आणि सांगताना मला स्वतःचंच फार कौतुक वाटायचं.

त्यातूनच ते भाषण आलं. त्र्यंबक रोडच्या एका हॉलमध्ये शहरातल्या डिझाइनर मंडळींचा छोटासा मेळावा होता. मला ‘पन्नाशीतलं समाधान’ अशा काहीतरी विषयावर बोलायला बोलावलं. मी बायकोलाही घेऊन गेलो. ती तिसऱ्या रांगेत बसली होती, अंगावर मला आवडणारी मोरपंखी साडी. मी चांगलं बोललो. चार कामं सांगितली, दोन वाजता बंद होणारा फोन सांगितला, धरणाच्या कडेची वही सांगितली. शेवटी कोपराची गोष्ट सांगितली. कॅनडा कॉर्नरच्या त्या उंच बाई, त्यांची दुखणारी कंबर, आणि मला तेव्हा सुचलेली पाच इंचांची युक्ती. ‘मला सुचलेली’ असंच म्हणालो मी. टाळ्या पडल्या. तिनंही वाजवल्या.

मग प्रश्न सुरू झाले. मागच्या रांगेतली एक मुलगी उठली आणि म्हणाली की माझा प्रश्न सरांना नाही, मॅडमना आहे, तुमचं स्वतःचं किचन कसं आहे? सगळे वळून बायकोकडे बघायला लागले. ती उभी राहिली, हसली आणि म्हणाली, “छान आहे. उजेड भरपूर येतो.” आणि खाली बसली.

घरी जाताना स्कूटरवर ती मागे बसून त्या हॉलच्या खुर्च्यांबद्दल बोलत होती, किती टोचतात म्हणून. मी वाट बघत होतो की ती काहीतरी टोचून बोलेल, म्हणजे मला भांडता येईल. घरी आल्यावर तिनं साडी बदलली, बाल्कनीतून पाट आणला आणि कुकर लावला. त्या दिवशी कितीतरी वर्षांनी मला तो पाट दिसला. उजवा हात वर नेताना ती खांदा दाबून धरते, हेही दिसलं. कधीपासून दुखतोय, असं मी विचारलं. झालं असेल वर्ष, ती म्हणाली, फळ्यावर लिहून लिहून होतं असं.

मी मनात ठरवलं, आता हा ओटा करायचाच, आणि तिला न सांगता करायचा. खरं तर तिला सांगायला हवं होतं, विचारायला हवं होतं, आणि त्या हॉलमध्ये जे बोललो त्याबद्दल माफी मागायला हवी होती. यातलं एकही न करता तिला खूश करायची सोय मला त्या ओट्यात दिसली. मोठी भेट दिली की छोटं बोलणं टाळता येतं, असा माझा हिशेब होता.

संधीही चालून आली. शाळेला सुट्टी लागत होती आणि मनमाडला सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. बायको तीन आठवडे तिकडे राहणार होती. तेवढ्यात सगळं होण्यासारखं होतं. राहिलं फक्त माप. ते तिच्या नकळत घ्यायचं तर टेप काढून चालणार नव्हतं. मग मी एक युक्ती केली, आणि तिचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. आमचा ओटा जिथे संपतो तिथेच बाल्कनीच्या दाराची लाकडी चौकट आहे. बायको त्याच टोकाला उभी राहून पोळ्या लाटते. जायच्या आदल्या सकाळी ती लाटत असताना मी चहाचा कप घेऊन शेजारी जाऊन उभा राहिलो. तिचं कोपर चौकटीपासून वीतभर अंतरावर वरखाली होत होतं. मी खिशातली पेन्सिल काढली आणि कोपराच्या बरोबर रेषेत चौकटीवर एक बारीक खूण केली.

काय करतोस, असं तिनं विचारलं. वाळवी लागलीय का बघतोय, मी म्हणालो. ती म्हणाली, लागली असेल तर आधी तुझ्या वहीला लागो. आम्ही दोघंही हसलो. मागे सरताना माझा अंगठा पाटाच्या कडेला आपटला आणि मी कळवळलो. हे मला आजही लख्ख आठवतं. त्याच पाटाला माझा पाय लागला होता.

ती गेली त्याच दुपारी आमचे नेहमीचे सुतार आले. दिंडोरीचे, माझ्यापेक्षा वयानं मोठे. पहिल्या कामापासून ते माझ्याबरोबर आहेत आणि बायकोला फार मानतात. गवंडीही तेच घेऊन आले. संध्याकाळपर्यंत कडप्प्याचा ओटा फुटून गोण्यांत भरला गेला. त्याची उंची मी कधीच मोजली नव्हती. तिला उंच होतो, एवढंच माहीत होतं. बिल्डरचे गवंडी काहीही करतात, असेल छत्तीस-सदतीस, असं मी धरून चाललो होतो. दुसऱ्या दिवशी फरशी झाडून घेतली, चौकटीजवळ बसलो आणि फरशीपासून पेन्सिलच्या खुणेपर्यंत टेप लावला. एकोणचाळीस. त्यातून पाच गेले, राहिले चौतीस.

चौतीस हा आकडा बघून मी थबकलो, हे कबूल करायला हवं. चार फूट नऊ इंचांच्या बाईला चौतीस जरा जास्तच वाटत होते. पण प्रत्येक शरीराचं प्रमाण वेगळं असतं, अंदाजावर जाऊ नका, टेपवर जा, हे मीच तर सगळ्यांना शिकवत आलो होतो. मी टेपवर गेलो. पाट त्या वेळी माझ्या पाठीमागे, बाल्कनीच्या भिंतीला उभा होता. जाण्याआधी नेहमीप्रमाणे तिनंच तो तसा ठेवला होता.

सुतारांनी ड्रॉइंग बघितलं आणि चष्मा कपाळावर नेला. म्हणाले, “सायेब, वैनींना हा ओटा उंच व्हईल. लय उंच व्हईल.”

मी म्हणालो, टेपनं मोजलंय. त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. दोन दिवसांनी खालच्या कपाटांचे सांगाडे बसवताना त्यांनी पुन्हा विषय काढला, एकदा फोनवर वैनींना विचारा की म्हणाले. मला राग आला. सत्तावीस वर्षं मी हेच करतोय, असं काहीतरी बोललो त्यांना, आणि जरा चढ्या आवाजात बोललो. ते मान खाली घालून कामाला लागले. कामाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी बाल्कनीतला पाट उचलून विचारलं, याचं काय करायचं? मी म्हणालो, घेऊन जा, आता याची गरज नाही. हे म्हणताना मला जे वाटलं त्याला समाधान म्हणतात, अशी माझी तेव्हा समजूत होती.

स्वयंपाकघर सुंदर झालं होतं. मी खोटी विनयशीलता दाखवणार नाही, ते माझं सगळ्यांत चांगलं काम आहे. राखाडी ग्रॅनाइटला हलकी निळी झाक, सकाळचा उजेड पडला की तो ओला दिसे. वरच्या कपाटांची दारं सागाची, कारण तिला लाकडाचा वास आवडतो. मसाल्याचा कप्पा गॅसच्या उजव्या हाताला. तिचे ब्रश धुवायला सिंकशेजारी एक छोटा उथळ खड्डा, दगडातच कोरलेला. तो करताना मला आमची कॉलेजची वर्षं आठवत होती आणि मी खरोखर प्रेमानं काम करत होतो. ते प्रेम खोटं नव्हतं. म्हणूनच ते एवढं कमी पडलं याचं जास्त वाईट वाटतं.

तिला आणायला मी नाशिकरोड स्टेशनवर गेलो. सासूबाईंना आता स्पष्ट दिसतं, त्यांनी घरातली सगळी जळमटं मोजून दाखवली, असं ती सांगत होती. घरी आल्यावर मी स्वयंपाकघराचं दार उघडलं. ती उंबऱ्यावरच थांबली. मग आत जाऊन तिनं दगडावरून हात फिरवला, कपाटं उघडली, लाकडाचा वास घेतला. ब्रश धुवायच्या खड्ड्यापाशी तिचे डोळे भरून आले. खूप सुंदर केलंस, ती म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं. मी दारात उभा होतो. एवढा सुखाचा क्षण माझ्या वाट्याला फार वेळा आलेला नाही.

चहा करते, ती म्हणाली. तिनं पातेलं गॅसवर ठेवलं आणि तिचे खांदे वर गेले. साखरेचा डबा घ्यायला हात उचलला तेव्हा उजवा खांदा आणखी वर गेला आणि तिचा डावा हात आपोआप त्याच्यावर आला. मला वाटलं, नवीन आहे, अंगवळणी पडेल. चहा झाला, आम्ही तो बाल्कनीत बसून घेतला. मग पोळ्या टाकते म्हणून ती कणीक मळायला उठली. ताटात पीठ घेतलं, पाणी घेतलं आणि एकदम खाली बघितलं. मग डावीकडे, उजवीकडे. मग बाल्कनीचं दार उघडून भिंतीकडे बघितलं.

“पाट कुठे ठेवलास?” तिनं विचारलं.

ती त्या चौकटीला लागून उभी होती. तिच्या कोपराच्या चार बोटं वर माझी पेन्सिलची खूण होती. मी ती बघितली आणि मला सगळं कळलं. मी नुसतं एवढंच म्हणालो की पाट सुतारांना दिला. बरं, ती म्हणाली, आणि टाचा उंचावून तिनं कणीक मळली. तिच्या त्या उचललेल्या टाचा बघत मी उभा होतो आणि मला माझी सगळी कामं आठवत होती. कुणाकुणाच्या बायकांना, आयांना, सुनांना मी चपला काढायला लावल्या होत्या. जिच्यामुळे हे सुचलं, तिला मात्र खाली उतर म्हणायची मला एकोणीस वर्षांत आठवण झाली नव्हती. चार कामं, दोन वाजता बंद होणारा फोन, धरणाच्या कडेची वही, एवढा नीट तोलून मांडलेला माझा दिवस. त्यात तिची जागा कुठे होती, हे मी स्वतःला पहिल्यांदा विचारलं.

जेवण झाल्यावर मी म्हणालो की उंची चुकली, उद्याच फोडतो, पुन्हा करतो. ती म्हणाली, एवढा देखणा दगड फोडू नकोस, ब्रशचा खड्डाही जाईल. मला फक्त पाट आणून दे.

मी सुतारांना फोन केला. पाट जळणात गेला असेल, अशी मला भीती होती. ते म्हणाले, “हाय ना. वैनी मागतील म्हणून ठिवलाय.” दुसऱ्या दिवशी सकाळी ते दिंडोरीहून मोटारसायकलवर आले. पाट गोणपाटात गुंडाळून मागे बांधला होता. त्यांनी तो बायकोच्या हातात दिला, माझ्याकडे न बघता चहा घेतला आणि गेले. मी आवाज चढवला होता त्याची माफी मी त्यांच्याकडेही तेव्हा मागितली नाही. पुढच्या कामावर मागितली.

बायकोनं पाट फडक्यानं पुसला, ओट्याच्या टोकाला ठेवला आणि वर चढली. पावलं आपल्या खळग्यांत बरोबर बसली. तिनं पोळपाट मांडला, पहिला गोळा घेतला आणि लाटायला सुरुवात केली. खांदे खाली आले. मी चहाचा कप घेऊन शेजारी उभा होतो. तिचं कोपर चौकटीवरच्या पेन्सिलच्या खुणेला बरोबर येऊन भिडत होतं, केसभरही इकडे तिकडे नाही.

तिला ती खूण दिसली. लाटणं थांबवून ती जरा वाकली आणि तिनं बोटानं ती चाचपली. ही कसली रेघ, तिनं विचारलं. मग मी तिला सगळं सांगितलं. वाळवीचं खोटं, पेन्सिल, फरशीपासून लावलेला टेप, एकोणचाळीस, चौतीस, सुतारांचं सांगणं. आणि त्र्यंबक रोडच्या हॉलमध्ये ‘मला सुचलेली’ असं म्हणालो ते, तेही सांगितलं, कारण ते सांगितल्याशिवाय बाकीचं पूर्ण होत नव्हतं. तिनं तव्यावरची पोळी उलटली, कडा दाबल्या, ती फुगल्यावर उतरवली.

“मला विचारलं असतंस,” ती म्हणाली, “तर मी खाली उतरले असते.”

आणि तिनं पुढचा गोळा लाटायला घेतला.